उडीआधी पाय टेकणे शिका

श्रोतेहो, नमस्कार.

मोबाईलवर भिंती ओलांडणारी मुले पाहून परभणी-जालन्याकडची मुलेही आता गच्चीच्या कठड्यांकडे वेगळ्या नजरेने पाहू लागली आहेत. त्यांच्या पालकांना मी एवढेच सांगेन, की पार्कूर, म्हणजे धावत-उड्या मारत वाटेतले अडथळे ओलांडण्याची ही कला, नसती उठाठेव नाही. पॅरिसजवळच्या लिस या गावात दाविद बेल आणि त्याच्या सवंगड्यांनी ही कला घडवली. दाविदचे वडील अग्निशमन दलात होते, आणि अडथळे पार करण्याच्या त्यांच्या सरावातूनच त्याला ही दिशा मिळाली. तिचे मूळ संकटात उपयोगी पडणाऱ्या शरीरात आहे, म्हणूनच तिची सुरुवात उडीपासून होत नाही.

सुरुवात होते ती जमिनीवर उतरण्यापासून. विशीत असताना मी मालाच्या गोदामाच्या ओट्यावरून खाली उडी मारली, टाचा सरळ काँक्रीटवर आदळल्या, आणि पुढचे कित्येक महिने सकाळी उठून पहिले पाऊल टाकताना मला भिंतीचा आधार घ्यावा लागला. ओटा छातीएवढाही उंच नव्हता. चूक उंचीची नव्हती, गुडघे ताठ ठेवण्याची होती. एक मीटर उंचीवरून पडलेले शरीर पाच सेंटिमीटरच्या आत थांबले, तर त्याला बसणारा सरासरी धक्का वजनाच्या सुमारे वीसपट असतो. तेच शरीर गुडघे आणि कंबर वाकवत अर्ध्या मीटरमध्ये थांबवले, तर तो तिपटीवर येतो. म्हणून आधी चवडे टेकावेत, गुडघे पायाच्या बोटांच्याच दिशेने वाकावेत, ते आत वळू नयेत, आणि पूर्ण उकिडवे बसण्याच्या बरेच आधी शरीर थांबावे.

हे जमले की नाही, ते कान सांगतो. मी मुलांना दाराच्या एका पायरीवरून शहाबादी फरशीवर उतरायला लावतो आणि स्वतः पाठ करून उभा राहतो. धप्प असा आवाज आला, की उडी पुन्हा. लागोपाठ दहा वेळा आवाज जवळजवळ आलाच नाही, तरच दुसरी पायरी. पहिल्या पायरीवरच एखाद्या मुलाचे तीन आठवडे जातात, आणि ते जाऊ द्यावेत, कारण स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, पण त्यांना हाडांशी जोडणाऱ्या कंडरांना महिने लागतात. अंगात जोर आल्यासारखे वाटते त्याच काळात दुखापती होतात, त्या याच कारणाने.

ताकदीसाठी आपल्याकडे तालमीतले जोर आणि बैठका आहेतच. फक्त बैठकीत खाली जाताना मनात पाच अंक मोजावेत, कारण उतरतानाचा भार पेलण्याची सवय तिथेच लागते. हातांसाठी आडव्या बारला नुसते लटकावे. ज्याला एकही पुलअप येत नाही, त्याने स्टुलावर उभे राहून हनुवटी बारच्या वर आणावी आणि तिथून शक्य तितके सावकाश खाली यावे. अशी पाच आवर्तने, आठवड्यातून तीन दिवस, पुरेशी आहेत. गुडघे जमिनीपासून चार बोटे वर ठेवून हातापायांवर चालणे दिसायला सोपे वाटते, पण अंगणाच्या दोन फेऱ्यांत खांदे आणि पोट यांची खरी परीक्षा होते.

कोलांटी मात्र तालमीच्या लाल मातीतच शिकावी. पार्कूरची कोलांटी डोक्यावरून किंवा मणक्यावरून सरळ जात नाही. ती उजव्या खांद्याच्या मागच्या बाजूने सुरू होऊन पाठीवरून तिरकी डाव्या कमरेपर्यंत जाते, आणि हनुवटी छातीला चिकटलेली राहते. मातीवर ती दोन्ही बाजूंनी सहज येऊ लागेपर्यंत फरशीवर आणू नये. नेमक्या जागी उडी मारण्याचा सराव भिंतीवर नको. अंगणात खडूने दोन रेघा ओढाव्यात आणि दुसऱ्या रेघेवर चवडे टेकून तीन सेकंद न हलता थांबावे.

एक विनंती कळकळीने करतो. देवगिरी किंवा नळदुर्ग इथल्या तटबंदीवर हा सराव करू नका. त्या वास्तू संरक्षित आहेत, आणि जुन्या बांधकामातला सुटा दगड पाय पडेपर्यंत ओळखू येत नाही. आपल्याकडच्या चैत्र-वैशाखात तर सकाळी आठनंतर दगड आणि लोखंडी बार दोन्ही हाताला चटका देतात, तेव्हा ऊन चढण्याआधी सराव आटोपावा. घामाने ओला झालेला तळहात पुसूनच बार धरावा, आणि उडी मारण्याआधी उतरायची जागा स्वतः जाऊन हाताने चाचपून पाहावी: वाळू आहे का, काच आहे का, फरशी हलते का.