व्याह्यांच्या हृदयातील किरण

श्रोतेहो, नमस्कार. मागील पावसाळ्यात तासगावकडचे एक द्राक्षबागायतदार सांगलीत माझ्याकडे तपासणीसाठी आले आणि दार लोटून घेऊन हलक्या आवाजात म्हणाले, “डॉक्टरसाहेब, आमच्या अमेरिकेतल्या व्याह्यांना कॅन्सर झालाय, पण घरचे लपवतायत.” व्याह्यांच्या हृदयात किरणोपचार झाल्याचे लेकीने फोनवर सांगितले, एवढाच त्यांच्या संशयाला आधार होता.

मी फाईल बाजूला ठेवली. व्याह्यांच्या हृदयाच्या एकाच रक्तवाहिनीत स्टेंटवर स्टेंट, म्हणजे वाहिनी उघडी ठेवणारी बारीक जाळी, बसवूनही ती पुन्हा अरुंद झाली होती. स्टेंट बसवताना वाहिनीच्या भिंतीला इजा होते, ती भरून येताना पेशी गरजेपेक्षा अधिक वाढतात आणि जाळीच्या आत व्रणाचे मांस चढते, असे सांगताच ते म्हणाले, “म्हणजे छाटणीनंतर फुटवा जास्त यावा, तसं.” अगदी तसेच! फुग्याने वाट मोकळी करणे ही छाटणी आणि किरण देणे म्हणजे शेंडा मारणे, कारण किरणांमुळे त्या पेशींची विभागणी थांबते. पुन्हा सांगतो, हे किरण कॅन्सरसाठी नव्हेत, जाळीत वाढणाऱ्या मांसासाठी आहेत.

“पण ते किरण आता अंगात राहिले ना? नातवाला जवळ घेतलं तर?” काहीही राहत नाही. स्ट्रॉन्शियम ९० या किरणोत्सारी पदार्थाच्या बारीक दाण्यांची माळ बंद टोकाच्या नळीतून पाण्याच्या दाबाने अरुंद जागेपर्यंत जाते, काही मिनिटे थांबते आणि तशीच परत येते. तिचे बीटा किरण काही मिलिमीटरच आत शिरतात. “ठिबकच की हे,” असे म्हणून ते प्रथमच हसले.

या उपचारानंतर वाहिनीचे आतले अस्तर सावकाश भरते, त्यामुळे गुठळी टाळणाऱ्या दोन गोळ्या दीर्घकाळ घ्याव्या लागतात. आपल्याकडे एकादशीला गोळ्यांनाही उपवास घडवणारे पुष्कळ आहेत. साबुदाण्याची खिचडी मात्र ताटभर चालते, याचे मला नेहमीच नवल वाटते. गोळ्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय थांबवू नयेत, एकादशीलाही नाही.

अमेरिकेत २००० साली या उपचारास मान्यता मिळाली, पण २००३ पासून तेथे औषध सोडणारे स्टेंट आल्यावर तो मागे पडला. तेही स्टेंट काहींमध्ये अरुंद होतात. तेव्हा बहुधा औषध लावलेला फुगा किंवा नवा स्टेंट वापरतात, आणि थरावर थर चढून आणखी जाळीला जागा उरली नाही, तर बायपास किंवा हे किरण, अशा पर्यायांचा विचार होतो.

स्ट्रॉन्शियमची शक्ती निम्मी होण्यास सुमारे २९ वर्षे लागतात, म्हणून एकच माळ अनेक रुग्णांना वापरता येते, हेही मी उत्साहाने सांगून बसलो. बागायतदारांचा चेहरा पुन्हा उतरला. प्रत्येकाला नळी नवी असते आणि माळेला रक्त लागतच नाही, हे पटवण्यात माझी आणखी दहा मिनिटे गेली, बाहेर पडताना मात्र ते लेकीला फोनवर सांगत होते, “व्याह्यांना विचार, त्यांच्या आधी ती माळ कुणाला घातली होती?”