गॅलिलिओ, गोवा आणि १६१८ चे शेंडेनक्षत्र

अध्यक्ष महोदय आणि पणजीतील जाणकार श्रोतेहो,

निमंत्रणपत्रिकेत आजचा विषय ‘गॅलिलिओचा विज्ञान, इतिहास आणि समाज यांवरील प्रभाव’ असा छापला आहे. पिसाचा मनोरा, १६३३ चा रोममधील खटला, गुडघे टेकून घ्यावी लागलेली माघार आणि अखेरच्या वर्षांतील अंधत्व हे सारे आपल्याला शाळेपासून ठाऊक असल्यामुळे ते मी पुन्हा सांगत नाही. मला आग्रहाने मांडायचे आहे ते असे की, गॅलिलिओचा खरा प्रभाव त्याच्या मतांपेक्षा त्याने रुजवलेल्या तपासणीच्या रीतीत आहे. ती रीत त्याच्या हातून सुटून जगभर गेली, प्रसंगी त्याच्याच मताला आडवी आली, आणि तिच्या प्रवासातला एक महत्त्वाचा मुक्काम आपला गोवा होता.

१६११ साली गॅलिलिओ रोमला गेला आणि तेथील ‘लिन्सेई’ या विद्वत्सभेचा सदस्य झाला. काही दिवसांतच योहान श्रेक नावाचा एक जर्मन वैद्य त्याच सभेत दाखल झाला. गॅलिलिओची दुर्बीण श्रेकने त्याच काळात रोममध्ये पाहिली. त्याच वर्षी श्रेकने जेज्विट या कॅथलिक धर्मप्रचारकांच्या संघात प्रवेश केला आणि पुढे चीनला जाण्याचे ठरवले. पूर्वेकडे जाणाऱ्या पोर्तुगीज जहाजांचा मार्ग त्या काळी गोव्यावरूनच जात असे. एप्रिल १६१८ मध्ये लिस्बनहून निघालेल्या जहाजावर श्रेकबरोबर अ‍ॅडम शाल, जाकोमो रो, वेन्सेस्लास किरविट्झर असे गणित जाणणारे तरुण पाद्री होते, आणि त्यांच्या सामानात दुर्बीण होती. वाटेत जहाजावर तापाची साथ पसरली, कित्येक जण दगावले, आणि उरलेले ऑक्टोबरमध्ये गोव्याला पोहोचले.

पुढच्याच महिन्यात आकाशात शेंडेनक्षत्रे, म्हणजेच धूमकेतू, उगवली. जहांगीर बादशहाने आपल्या आत्मचरित्रात त्या दर्शनाची नोंद ठेवली आहे. त्याच वेळी किरविट्झर आणि त्याचे सोबती गोव्याच्या आकाशात तेच पाहत होते, फरक इतकाच की ते स्थान मोजत होते आणि रोजची नोंद लिहून ठेवत होते. भारताच्या भूमीवरून दुर्बिणीने केलेले हे पहिले ज्ञात खगोलनिरीक्षण होय. किरविट्झरचे टिपण १६२० साली जर्मनीत छापून प्रसिद्ध झाले.

या नोंदींचे मोल समजण्यासाठी एक साधी गोष्ट आठवावी. मांडवीच्या काठाने चालत गेलो की नदीतल्या होडीची डोलकाठी पलीकडच्या बेतीच्या घरांपुढून सरकताना दिसते. जवळची वस्तू जास्त सरकते, दूरची कमी. शेंडेनक्षत्र पृथ्वीवरच्या दोन लांबच्या ठिकाणांहून पाहिले आणि ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर ते फारसे सरकले नाही, तर ते चंद्राच्याही पलीकडे आहे असे ठरते. डॅनिश खगोलज्ञ टायको ब्राहेने १५७७ च्या धूमकेतूवरून हेच दाखवले होते, आणि रोममधील जेज्विट गणिती ओरात्सिओ ग्रासी याने १६१८ च्या धूमकेतूबद्दल तसाच निष्कर्ष काढला. अशा प्रश्नात युरोपपासून हजारो मैलांवर असलेल्या गोव्यातील मोजमाप ही शोभेची वस्तू नव्हे, तो पुरावा आहे.

आणि गॅलिलिओ? तो त्या दिवसांत आजारी होता. धूमकेतू त्याने नीट पाहिलाच नाही. तरीही ग्रासीचे म्हणणे त्याला पटले नाही. शेंडेनक्षत्र हा कदाचित वर गेलेल्या बाष्पावर पडलेल्या प्रकाशाचा आभास असेल, आणि तसे असल्यास असे सरकणे मोजून अंतर काढता येणार नाही, असा त्याचा प्रतिवाद होता. १६२३ साली ‘इल सॅजातोरे’ या ग्रंथात त्याने ग्रासीची यथेच्छ खरडपट्टी काढली. विश्वाचा ग्रंथ गणिताच्या भाषेत लिहिलेला आहे, हे त्याचे प्रसिद्ध विधान याच ग्रंथात आहे. म्हणजे ज्या पानांत आधुनिक विज्ञानाची रीत सर्वांत स्पष्ट शब्दांत सांगितली गेली, त्याच पानांत धूमकेतूविषयीचा निर्णय चुकलेला आहे, आणि ती चूक पुढे निरीक्षणाने व गणितानेच दुरुस्त झाली. एखाद्या विचारवंताचा प्रभाव किती खोल आहे याची याहून चांगली कसोटी मला माहीत नाही.

माझी तक्रार आहे ती येथे. गोव्याच्या सतराव्या शतकाविषयी मुलांना जे शिकवले जाते, त्यात मसाल्यांचा व्यापार असतो, धर्मांतर असते, इन्क्विझिशन म्हणजे चर्चचे धर्मन्यायालय असते, आणि ते असायलाच हवे. त्या यातना विसरता येत नाहीत. पण त्याच शहरात, धर्मप्रचार करणाऱ्या त्याच जेज्विट संघाची माणसे दुर्बीण लावून आकाश मोजत होती, हे एका ओळीतही येत नाही. विज्ञानाच्या पुस्तकात गॅलिलिओ इटलीत असतो, इतिहासाच्या पुस्तकात गोवा पोर्तुगालच्या नकाशात असतो, आणि दोन्ही पुस्तके एकाच दप्तरात असूनही मुलाला त्यांची गाठ पडलेली दिसत नाही.

अध्यक्षांची वेळेची चिठ्ठी आली आहे, म्हणून पत्रिकेत कबूल केलेले तिन्ही भाग आता झरझर सांगतो.

विज्ञानाबाबत: उतरत्या फळीवरून गोळी सोडून गॅलिलिओने दाखवले की पार केलेले अंतर वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. हे १६३८ साली हॉलंडमधील लायडन येथे छापले गेले, आणि न्यूटनच्या १६८७ च्या गतिशास्त्राचा पाया त्यात आहे. श्रेकने चीनमधून ग्रहणांच्या गणितासाठी गॅलिलिओची मदत मागितली, ती मिळाली नाही. मग जर्मन खगोलज्ञ केप्लरने उत्तर दिले. माणूस गप्प राहिला तरी रीत पेकिंगपर्यंत पोहोचली.

इतिहासाबाबत: गोव्यात जन्मलेले गणिती दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी प्राचीन नाणी तराजूत तोलली, आणि हातोहात फिरून झालेल्या झिजेवरून त्या काळच्या व्यवहाराविषयी अनुमाने काढली. राजवंशांच्या याद्यांवर विसंबण्याऐवजी मोजमापाला प्रश्न विचारणे, ही गॅलिलिओची रीत इतिहासात आणणे होय, असे माझे ठाम मत आहे.

समाजाबाबत मला सर्वांत अधिक बोलायचे होते. मार्च १६१६ मध्ये रोमने, पृथ्वी सूर्याभोवती फिरते असे सांगणाऱ्या कोपर्निकसच्या ग्रंथावर बंदी घातली. त्याच वर्षी गोव्यातील साष्टीत रायतूर येथे धर्मप्रचारक फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ मराठी ओव्यांत छापले गेले. लोकांच्या मनात शिरायचे तर लोकांच्या भाषेतून, हे धर्मप्रचारकाला कळले होते आणि गॅलिलिओलाही. म्हणूनच १६३२ चा ‘संवाद’ हा ग्रंथ त्याने लॅटिन सोडून इटालियनमध्ये लिहिला. भाषेचे हे सामर्थ्य सत्तेलाही ठाऊक होते, आणि १६८४ साली गोव्याच्या व्हाइसरॉयने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले. तेव्हा आपल्या मुलांना मराठीतून किंवा कोकणीतून, किरविट्झरच्या धूमकेतूचे उदाहरण घेऊन अंतर काढायला शिकवणारा एक धडा गोव्याच्या पाठ्यपुस्तकात यावा, अशी माझी मागणी आहे, आणि तो लिहायला या सभागृहातील कोणी शिक्षक पुढे येणार असतील तर माझी सर्व टिपणे मी त्यांच्या हवाली करीन.