गोदेचं पाणी आणि कॅरमची सोंगटी

(रामकुंड, सकाळ)

कुणी कळशी भरतंय, कुणी तीन बुचकळ्या मारून काठावर येतंय. या पाण्यातल्या साधारण ६,४०० हायड्रोजन अणूंमागे एक अणू दुप्पट वजनाचा असतो, ड्युटेरियमचा. गोदेतच असं नाही, तुमच्या-आमच्या नळाला येतं त्यातही. हे ड्युटेरियमवालं पाणी वेगळं काढून साठवलं की ते झालं जड पाणी. तारापूरच्या तिसऱ्या आणि चौथ्या अणुभट्टीच्या पोटात तेच असतं.

(सिडको, शाळेची प्रयोगशाळा. टेबलावर कॅरमबोर्ड)

तिथे ते काय करतं, ते ही मुलं दाखवताहेत.

युरेनियम-२३५ चा अणू फुटला की दोन-तीन न्यूट्रॉन सुटतात, सेकंदाला सुमारे २०,००० किलोमीटर वेगाने. इतक्या घाईतला न्यूट्रॉन पुढचा अणू क्वचितच फोडतो. वेग सेकंदाला दोन-सव्वादोन किलोमीटरवर आला, की मात्र हमखास. तो वेग उतरवणारा पदार्थ म्हणजे मॉडरेटर.

आता बघा. पांढरी सोंगटी काळीवर बरोबर समोरून आदळली. पांढरी जागीच थांबली, काळी सुटली. काळीच्या जागी वाण्याच्या तराजूतलं किलोचं वजन ठेवलं. या वेळी सोंगटी जवळपास तेवढ्याच वेगाने मागे फिरली. टक्कर बरोबरीच्याशीच हवी. हायड्रोजनचं केंद्रक न्यूट्रॉनच्या वजनाचं, म्हणून तिथे सरासरी १८ टकरांत काम भागतं. ड्युटेरियमला २५ लागतात, ग्राफाइटमधल्या कार्बनला ११५ च्या आसपास.

मग साधं पाणी काय वाईट? ते न्यूट्रॉन गिळतं. तारापूरच्या पहिल्या दोन भट्ट्या, १९६९ सालच्या, साध्या पाण्याच्या. त्यांना समृद्ध, म्हणजे २३५ चं प्रमाण वाढवलेलं युरेनियम लागतं, आणि ते परदेशातून आणावं लागलं. जड पाणी न्यूट्रॉन फारसे खात नाही, त्यामुळे २३५ जेमतेम ०.७ टक्के असलेलं खाणीतलं युरेनियमही चालून जातं. समृद्ध करायची सोय हाताशी नसलेल्या देशाने ही वाट धरली, हे शहाणपणच.

(ॲनिमेशन)

हे आडवं पिंप म्हणजे कॅलेंड्रिया. त्यातून आरपार गेलेल्या ३९२ नळ्या. नळ्यांत इंधन, आणि त्याची उष्णता बाहेर नेणारं तापलेलं जड पाणी. नळ्यांच्या बाहेर मॉडरेटरचं जड पाणी, कमी दाबाचं, सतत थंड ठेवलेलं. दोन्ही जड पाणीच, पण एकमेकांत मिसळत नाहीत.

(पुन्हा बोर्ड, जवळून)

आणि सोंगट्या घसरायला टाकलेली ही बोरिक पावडर. तिच्यातला बोरॉन न्यूट्रॉनचा मोठा हावरा. भट्टीची साखळी प्रक्रिया आवरायला मॉडरेटरमध्ये हाच बोरॉन अगदी थोडा विरघळवतात. हे ऐकल्यावरचे मुलांचे चेहरे बघा.

(एकलहरे, औष्णिक केंद्राच्या चिमण्या)

इथे कोळसा जळतो. पाण्याची वाफ आणि टर्बाइन मात्र तारापूरसारखंच. तारापूरला धूर नाही, राख नाही. जड पाण्यात हळूहळू किरणोत्सारी ट्रिटियम साठतं, म्हणून गळतीवर डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवावं लागतं. वापरलेलं इंधनही सांभाळावं लागतं.