एकसंब्याचा हिंदकेसरी आणि दिल्लीतली मतपेटी

अध्यक्षमहाराज आणि बेळगावकर मंडळी,

कुस्तीवर व्याख्यान म्हटलं की आपल्याकडे खुर्च्या कमी पडतात. कुस्ती महासंघावर म्हटलं की निम्मी मंडळी चहाला उठतात. चहा जरूर घ्या, पण परत या, कारण पैलवान तालमीत घडत असला तरी त्याने देशाकडून कुठं लढायचं, हे ठरतं दिल्लीत.

श्रीपती खंचनाळे आपल्या चिकोडी तालुक्यातल्या एकसंब्याचे. कोल्हापूरच्या मातीत त्यांचं अंग तयार झालं आणि १९५९ साली दिल्लीत बंतासिंगला हरवून ते हिंदकेसरी झाले. राज्य पुनर्रचनेला तेव्हा तीन वर्षंही पुरती झाली नव्हती. एकसंबा मुंबई राज्यातून म्हैसूर राज्यात गेलं होतं, पण पैलवानाच्या खुराकात त्यानं काही फरक पडला नाही. कोल्हापूरकर त्यांना आपला म्हणतात, आपणही म्हणतो. आजही आपल्या भागातल्या जत्रेच्या मैदानात कोल्हापूर-सांगलीकडचे मल्ल उतरतात, तसे धारवाड-दावणगेरेकडचेही. वस्ताद दोघांना शेजारी उभं करून नजरेनं जोड लावतात, हलगी कडाडते, आणि कुस्ती निकाली असेल तर पाठ लागेपर्यंत घड्याळाकडे कुणी बघत नाही.

मॅटवरचा कारभार निराळा. तिथं दोन फेऱ्या, प्रत्येकी तीन मिनिटांच्या. गुण मोजले जातात आणि फ्रीस्टाइलमध्ये दहा गुणांची आघाडी झाली की कुस्ती तिथंच संपते. वजनाचं तर विचारूच नका. २०२४ साली पॅरिसला विनेश फोगाट ५० किलो गटाच्या अंतिम फेरीत पोहोचली आणि अंतिम लढतीच्या दिवशी सकाळी वजन १०० ग्रॅम जास्त भरलं म्हणून बाद झाली. आमच्याकडच्या जोड लावणाऱ्या वस्तादांना १०० ग्रॅम म्हणजे काय ते समजावून सांगायला गेलात तर तुम्हालाच खुळ्यात काढतील. पण जगातले नियम जागतिक संघटना करते, ते देशात लागू करायचे, पंच तयार करायचे, राष्ट्रीय स्पर्धा भरवायच्या आणि निवड चाचणी घेऊन संघ पाठवायचा, हे महासंघाचं काम.

यातलं खरं हत्यार म्हणजे निवड. खाशाबा जाधव १९४८ला लंडनला जाऊन सहावे आले होते, तरी १९५२ला हेलसिंकीसाठी डावलले जात होते. त्यांनी दाद मागितली ती पतियाळाच्या महाराजांकडे. महाराज तेव्हा भारतीय ऑलिंपिक संघटनेचे अध्यक्ष होते. त्यांनी पुन्हा कुस्ती लावली, खाशाबांनी ती जिंकली. मग पैशाचा प्रश्न. राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. प्राचार्यांचं कौतुक आपण सगळे करतो, करायलाच हवं. मला मात्र त्या गोष्टीची चीड येते. दाद मागायला महाराज आणि तिकिटाला प्राचार्यांचं घर, ही काय व्यवस्था झाली?

आता आपल्या मुलांचं बघू. राष्ट्रीय स्पर्धेत पैलवान उतरतो तो कुठल्या तरी संलग्न संघाकडून. खानापूरचा मुलगा कोल्हापूरच्या तालमीत राहून मेहनत करतो, मराठीत शिव्या खातो, आणि घरच्या पत्त्यावर कर्नाटकाच्या चाचणीला उभा राहतो. त्यात गैर काही नाही, पण मातीत न दिसणारी सीमा फॉर्म भरताना दिसते. तिसरी वाटही आहे. रेल्वे आणि सेनादल यांचे स्वतंत्र संघ राष्ट्रीय स्पर्धेत उतरतात, आणि मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र तर आपल्या बेळगावातच आहे. सेनादलाच्या संघात आलेल्या मुलाला तू कुठल्या राज्याचा, हे कुणी विचारत नाही.

म्हणून महासंघ बिघडला की काय होतं ते २०२३ मध्ये नीट बघायला हवं होतं. आपण ते टीव्हीवर तमाशासारखं बघितलं. महिला पैलवानांनी तत्कालीन अध्यक्षांवर लैंगिक छळाचे आरोप केले, जंतरमंतरवर धरणं धरलं. अध्यक्षांनी आरोप नाकारले, प्रकरण कोर्टात गेलं. इकडे निवडणूक व्हायची होती, तर राज्य संघटनांच्या वादात उच्च न्यायालयांच्या स्थगित्या येत गेल्या. वेळेत निवडणूक नाही म्हणून ऑगस्टमध्ये जागतिक संघटनेनं आपला महासंघच निलंबित केला. पुढच्या महिन्यात बेलग्रेडच्या जागतिक स्पर्धेत अंतिम पंघालनं कांस्य जिंकलं आणि देशाला ऑलिंपिकची जागा मिळवून दिली, पण तिच्या नावापुढे तिरंगा नव्हता. पोरीचा काय दोष होता?

निवडणूक झाली डिसेंबरमध्ये. नवे अध्यक्ष ४० विरुद्ध ७ मतांनी निवडून आले. आकडे पुन्हा ऐका. एवढ्या मोठ्या देशातल्या कुस्तीचा कारभारी ठरवणारी मतं सगळी मिळून ४७. तीन दिवसांत क्रीडा मंत्रालयानं नव्या मंडळालाही निलंबित केलं. ते मागे घ्यायला मार्च २०२५ उजाडला.

त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राष्ट्रीय क्रीडा प्रशासन कायदा झाला. महासंघाच्या कार्यकारिणीत किमान चार महिला आणि दोन नामवंत खेळाडू असावेत, तंट्यांसाठी वेगळं न्यायाधिकरण असावं, अशा त्यात तरतुदी आहेत. न्यायाधिकरण नीट चाललं तर पुढच्या खाशाबाला महाराज शोधावा लागणार नाही. कायद्यानं सगळं सुधारेल असं मानण्याइतका मी भोळा नाही. निवडणुकीतले मतदार राज्य संघटनाच पाठवतात. २०२३च्या निवडणुकीत दर राज्याला दोन मतं होती. कर्नाटकाची ती दोन मतं कुणी, कुणाच्या सांगण्यावरून टाकली, हे आपल्यापैकी एकानं तरी चौकशी करून बघितलंय का? प्रश्नोत्तरांना वेळ ठेवलाय. तालमीचे वस्ताद मागच्या रांगेत बसलेत, त्यांनी पुढं यावं.