डी-अँड-डीच्या टेबलावर जनावर पाळायचं कसं?

(टेबलावर फासे, उघडी वही, पोह्यांची रिकामी बशी. थेट कॅमेऱ्याकडे बघून.)

नमस्कार मंडळी. दोन वर्षांपूर्वी माझ्यामुळे एक कुत्रा मेला. खेळातला, कागदावरचा होता, घाबरू नका. पण ज्या भाचीचा तो होता, ती तेव्हा अकरा वर्षांची होती, आणि त्यानंतर दोन रविवार ती इंदूरला, रामबागेत आमच्या गच्चीवर खेळायला आलीच नाही. फोनवर एवढंच म्हणाली, "आत्या, तो पळून का नाही गेला?"

मी वही उघडून बघितली. कुत्रा किती फूट धावतो ते लिहिलं होतं. चावला तर किती लागतं ते लिहिलं होतं. घाबरला तर काय करतो, हे कुठेच नव्हतं. म्हणजे मी कुत्रा लिहिलाच नव्हता, चार पायांची तलवार लिहिली होती.

तर आज जादूच्या पाळीव जनावरांचे घरगुती नियम. होमब्रू म्हणतात ते. जे नवीन आहेत त्यांच्यासाठी दोन वाक्यं: डन्जन्स अँड ड्रॅगन्स, म्हणजेच डी-अँड-डी, हा गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा खेळ, १९७४ चा. एक जण डीएम होतो, म्हणजे गोष्ट चालवतो, बाकीचे त्या गोष्टीतली माणसं होतात, आणि जिथे काय होईल ते सांगता येत नाही तिथे वीस बाजूंचा फासा पडतो. बस, पुढे चला.

आधी छापील नियम बघू, कारण त्यात बदल का करायचा ते कळलं नाही तर आपण तीच चूक नव्या अक्षरात करतो. पाचव्या आवृत्तीत, २०१४ च्या पुस्तकात, एका प्रकारच्या रेंजरला, म्हणजे रानात वावरणाऱ्या योद्ध्याला, जनावर मिळायचं. पण जनावरानं चावावं असं वाटलं, तर रेंजरला स्वतःची अ‍ॅक्शन खर्चावी लागे (अ‍ॅक्शन म्हणजे आपल्या पाळीतलं मुख्य काम). म्हणजे लांडगा चावतोय आणि मालक शेजारी धनुष्य धरून उभा. पाचव्या लेव्हलला, म्हणजे खेळत खेळत पाचवी पायरी चढल्यावर, मालकालाही एक वार मिळायचा, पण तोवर महिने जातात हो.

दुसरी गोष्ट जिवाची. लांडग्याचे मूळ हिट पॉइंट (हे शून्य झाले की संपलं) ११. नियम असा की मूळ आकडा किंवा रेंजरच्या लेव्हलची चौपट, जे जास्त असेल ते. पाचव्या लेव्हलला झाले २०. आता पाचव्याच लेव्हलला जादूगाराच्या हाती फायरबॉल येतो, आजूबाजूच्या सगळ्यांना भाजणारा आगीचा गोळा. सहा बाजूंचे आठ फासे, सरासरी २८. लांडग्याचा बचाव फसला की खेळ खलास. समोरच्या जादूगारानं लांडग्यावर नेमसुद्धा धरलेला नसतो!

२०२० च्या नोव्हेंबरात आलेल्या पुरवणी पुस्तकात हे सुधारलं. हुकूम पाळीतल्या जोडीच्या छोट्या कामात, म्हणजे बोनस अ‍ॅक्शनमध्ये आला, आणि जमिनीवरच्या जनावराचे हिट पॉइंट झाले ५ अधिक लेव्हलच्या पाचपट. पाचव्या लेव्हलला ३०. तोच फायरबॉल, ३० वजा २८, लांडगा दोन पॉइंटवर लंगडत उभा. मला हा दोनचा आकडा फार आवडतो. त्या दोन पॉइंटांत अख्खा पुढचा प्रसंग असतो. २०२४ च्या नव्या पुस्तकानंही हीच पद्धत ठेवली.

मग होमब्रू कशाला? कारण ही सगळी दुरुस्ती लढाईची आहे. आणि आमच्या टेबलावर जनावर मागणारं कोणीही लढाईसाठी मागत नाही. त्यांना खांद्यावर बसणारं, वाटेत रुसणारं, नको तिथे शेपूट घालणारं काहीतरी हवं असतं.

(जरा पुढे झुकून.)

आता मी केलेली पहिली चूक. प्रत्येकाला जनावर दिलं, आणि प्रत्येक जनावराला स्वतःची पाळी. चार खेळाडू, चार जनावरं. मोबाइलवर घड्याळ लावून बघितलं, आमच्याकडे एका पाळीला साधारण दोन मिनिटं लागतात. आठ पाळ्या म्हणजे सोळा मिनिटं, शिवाय राक्षसांची वेगळी. आपली पाळी येईपर्यंत माझा मावसभाऊ खाली जाऊन कचोरी घेऊन आला. आणि कचोरी थंड होईपर्यंत त्याची पाळी आलेली नव्हती, हे मी शपथेवर सांगते.

म्हणून आमचा पहिला नियम: जनावराला स्वतःची पाळी नाही. मालकाच्या पाळीत, बोनस अ‍ॅक्शन खर्चून, एक काम. हुकूम दिला नाही तर ते स्वतःचा जीव वाचवतं, म्हणजे डॉज. पाथफाइंडर नावाच्या अशाच खेळाच्या दुसऱ्या आवृत्तीत हिशेब वेगळा आहे: तुमच्या तीन अ‍ॅक्शनपैकी एक दिली की जनावराला दोन मिळतात. तेही छान चालतं. मुद्दा एवढाच की जनावराचं काम कुणाच्या तरी खिशातून गेलं पाहिजे. फुकट असलं की टेबल बिघडतं.

फुकटावरून आठवलं. तुम्ही म्हणाल, बरं, वार नको, नुसती मदत करू दे. थांबा. मदतीमुळे अ‍ॅडव्हांटेज मिळतो, म्हणजे दोन फासे टाकून मोठा घ्यायचा. जिथे अकरा किंवा जास्त लागतात, तिथे शक्यता ५० टक्क्यांवरून ७५ वर जाते. दर फेरीला! घुबडाची युक्ती जुन्या खेळाडूंना पाठ असते: झेप घेऊन येतं, मदत करतं, उडून जातं, आणि उडताना त्याच्यावर पलटवारही करता येत नाही. नियमात बसतं, पण तिसऱ्या लढाईत सगळ्यांना त्या घुबडाचा कंटाळा येतो. आमच्याकडे लढाईतली मदत मोजून मिळते: प्रोफिशियन्सी बोनस (लेव्हलबरोबर वाढणारा कसबाचा आकडा) जेवढा, तेवढ्या वेळा, मग लाँग रेस्टपर्यंत, म्हणजे मोठ्या विश्रांतीपर्यंत, नाही. सुरुवातीला दोनदा, पाचव्या लेव्हलपासून तीनदा. लढाईबाहेर कितीही करा, मी मोजत नाही.

आता खरा गाभा. जनावराच्या कार्डावर मी आकड्यांच्या आधी तीन ओळी लिहून घेते. त्याला काय आवडतं. ते कशाला भितं. आणि त्याची खोड काय. खोड म्हणजे असं काहीतरी जे ते हुकमाशिवाय करतं, आणि जे कधी उपयोगी पडतं, कधी गोत्यात आणतं. नुसती उपयोगी असेल तर ती खोड नाही, ते हत्यार झालं. नुसती त्रासाची असेल तर खेळाडू दोन आठवड्यांत जनावर घरी ठेवून यायला लागतो.

हे मला कुठे सुचलं सांगू? सिंहगडाच्या घोरपडीवरून. १६७० ची ती रात्र, तानाजी मालुसरे, दोर बांधलेली यशवंती. इतिहास म्हणून नाही, आख्यायिका म्हणूनच घ्या. पण नियम लिहिणाऱ्याच्या नजरेनं बघा. घोरपड एकही मावळा वाचवत नाही, एकही शत्रू मारत नाही. ती एकच काम करते जे तिथल्या कुणालाच जमत नाही: कडा चढते. आणि गोष्टीत ती एकदा मागे फिरते. लहानपणी आजी गोष्ट सांगायची तेव्हा मी तिथेच श्वास धरायची, लढाईला नाही. ती सरळ वर गेली असती तर तिचं नाव कुणाच्या लक्षात राहिलं असतं?

तर नकार द्यायचा हक्क नियमात हवा. आमच्याकडे टेबलावर एक वाटी असते, तिच्यात फुटाणे. प्रत्येक जनावराजवळ जास्तीत जास्त तीन. त्याला आम्ही माया म्हणतो. मुक्कामात खेळाडूनं जनावरासोबत खरा प्रसंग खेळला, काटा काढला, खरारा केला, आपल्या ताटातलं दिलं, तर एक फुटाणा. नुसतं "मी त्याला खायला घालतो" म्हटल्यानं मिळत नाही. भीतीविरुद्ध किंवा स्वभावाविरुद्ध काही करवून घ्यायचं तर एक फुटाणा खर्च. फुटाणा नसेल तर अ‍ॅनिमल हँडलिंगचा, म्हणजे जनावर सांभाळण्याच्या कौशल्याचा फासा, लक्ष्य १५, आणि फसलं तर यशवंती मागे फिरली. (फुटाणे खेळाडू खातात, ही या नियमातली एकमेव मोठी त्रुटी आहे.)

जादूची देणगी प्रत्येकाला एकच. ती पाचव्या, नवव्या, तेराव्या लेव्हलला वाढते, कारण प्रोफिशियन्सी बोनसही त्या लेव्हलांना वाढतो, वेगळं लक्षात ठेवायला नको. देणगी किती मोठी असावी याला माझं माप साधं आहे: टेबलावरच्या दुसऱ्या कुणी जे मंत्र शिकून कमावलंय, ते मांजराला फुकट मिळता कामा नये.

मांजर म्हटलं, कारण भाची परत आली तेव्हा मांजर घेऊन आली. तिची कल्पना ऐका. सराफ्यात जन्मलेलं मांजर. आपला इंदूरचा सराफा तुम्हाला माहीत आहे, दिवसा सोन्याचांदीची दुकानं, रात्री त्याच ओट्यांसमोर जोशींचे दहीवडे, गराडू, भुट्ट्याचा कीस, रबडी. तर दिवसा सोन्यात आणि रात्री रबडीत वाढलेलं हे मांजर खोटं ओळखतं. खोटं नाणं पंज्यानं ढकलून देतं. आवडतं काय, रबडी. भितं कशाला, पावसाला. आणि खोड: जो खोटं बोलत असेल त्याच्या मांडीवर जाऊन बसतं.

मी खूश झाले आणि मग घाबरले. खोटं पकडणारं मांजर पहिल्या लेव्हलला? झोन ऑफ ट्रुथ हा खोटं बोलू न देणारा, दुसऱ्या पातळीचा मंत्र आहे, क्लेरिकला, म्हणजे देवाच्या कृपेनं मंत्र करणाऱ्या पात्राला, तो तिसऱ्या लेव्हलला मिळतो, आणि त्यातही समोरच्याला बचावाचा फासा असतो. आमची क्लेरिक माझ्या शेजारीच बसली होती, तिचा चेहरा मी बघितला. शिवाय प्रत्येक संशयिताच्या मांडीवर मांजर सोडलं की माझी गोष्ट अर्ध्या तासात संपली. शंभर टक्के खरं सांगणारं जनावर रहस्याचा गळा घोटतं.

मग नाही म्हणायचं का? मुलीला दुसऱ्यांदा? नाही. आम्ही दोघींनी खोडीत एकच ओळ वाढवली. मांजर खोटं बोलणाऱ्याच्या मांडीवर बसतं, किंवा ज्यानं रबडी खाल्लीय त्याच्या. दोन्हीत फरक ते सांगत नाही. क्लेरिकचा मंत्र शाबूत राहिला, मांजरही राहिलं. पाचव्या लेव्हलला दिवसातून एकदा भासजादू ओळखायला अ‍ॅडव्हांटेज. नवव्याला रूप बदलून आलेल्यावर फिसकारतं. तेराव्याचं अजून ठरलेलं नाही, सुचवा.

आणि मरण. हिट पॉइंट शून्य झाले की आमच्याकडे जनावर मरत नाही, पळतं. कुठेतरी लपतं, जखमी असतं, त्याला शोधून आणावं लागतं, आणि माया शून्यापासून सुरू. ज्या टेबलावर मोठी माणसं आहेत आणि ज्यांना खरं मरण हवंय, त्यांनी खेळ सुरू व्हायच्या आधी तसं एकमेकांना विचारून घ्यावं. मी विचारलं नव्हतं.

मागच्या रविवारी मांजराची पहिली मोठी परीक्षा झाली. गावातला सावकार म्हणतो, तिजोरी चोरांनी फोडली. मांजर उठलं, आळस दिला, आणि सावकाराच्या मांडीवर जाऊन बसलं. सगळे ओरडले, खोटं बोलतोय! भाची म्हणाली, "थांबा, आधी रबडीचं विचारा." मग दीड तास माझे चार खेळाडू बाजारातल्या एका काल्पनिक हलवायाची उलटतपासणी करत होते. सावकार शेवटचा कधी आला, किती घेतली, तिथेच खाल्ली की बांधून नेली. मी हलवायाचे उच्चार काढून काढून थकले.

सावकार खोटंच बोलत होता. रबडीही खाल्ली होती.