रात्रीची एक सही

२५ जून १९७५. दिल्ली. रामलीला मैदानावरची जयप्रकाश नारायणांची सभा आटोपली आहे. रात्री राष्ट्रपती भवनात पंतप्रधान इंदिरा गांधींचं एक गोपनीय पत्र येतं. अंतर्गत अशांततेमुळे देशाची सुरक्षितता धोक्यात आहे, असं त्यात म्हटलंय. विषय मंत्रिमंडळापुढे न्यायला हवा, पण आज रात्री ते शक्य नाही. उद्या सकाळी आधी तेच करीन, असंही लिहिलंय. मध्यरात्र व्हायच्या थोडं आधी राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद आणीबाणीच्या घोषणेवर सही करतात.

मंत्र्यांना हे कळलं सकाळी सहाच्या बैठकीत. तोवर जयप्रकाशांना अटक झाली होती आणि दिल्लीतल्या कित्येक छापखान्यांची वीज तोडली गेली होती.

हे सगळं घडलं ते राज्यघटनेतल्याच, आणीबाणी जाहीर करण्याचा अधिकार देणाऱ्या कलम ३५२ च्या आधारे. 'अंतर्गत अशांतता' म्हणजे नेमकं काय, ते कुठेच सांगितलेलं नव्हतं. राष्ट्रपतींचं समाधान झालं, म्हणजे तशी खात्री पटली, की पुरे. १९४९ मध्ये घटना समितीत ह. वि. कामथ यांनी हिटलरच्या आधीच्या जर्मनीतल्या वायमार राज्यघटनेचा, तिच्यातल्या आणीबाणीच्या अधिकारांचा दाखला देऊन या धोक्याबद्दल बजावलं होतं. पुढे ३८ व्या घटनादुरुस्तीने तर हे समाधान न्यायालयाच्या कक्षेबाहेरच नेलं.

मग न्यायालयाने काय केलं? आणीबाणीत स्थानबद्ध केलेल्या माणसाला अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येईल, असं नऊ उच्च न्यायालयांनी सांगितलं होतं. नागपूर खंडपीठही त्यात होतं. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेलं. तिथे न्यायमूर्ती हंसराज खन्ना यांनी महान्यायवादींना, म्हणजे सरकारच्या सर्वोच्च वकिलांना, विचारलं: एखाद्या पोलिसाने वैयक्तिक वैरातून कुणाचा जीव घेतला, तर? उत्तर आलं, आणीबाणी आहे तोवर उपाय नाही. हे उत्तर पुन्हा एकदा ऐका. भर न्यायालयात दिलेलं आहे ते.

२८ एप्रिल १९७६ ला चार विरुद्ध एक असा निकाल सरकारच्या बाजूने लागला. विरोधात एकटे खन्ना. त्यांचं सरन्यायाधीशपद हुकलं. बहुमतात होते पुण्यात जन्मलेले यशवंत चंद्रचूड. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल चुकीचा ठरवला, आणि ते शब्द लिहिले त्यांच्या मुलाने, न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांनी.

दुरुस्ती आली १९७८ ची, ४४ वी. 'अंतर्गत अशांतते'च्या जागी 'सशस्त्र बंड' आलं. जगण्याचा हक्क आणीबाणीतही स्थगित करता येणार नाही, असं ठरलं. न्यायालयाची वाट पुन्हा मोकळी झाली. आणि मला सगळ्यात मोलाचा वाटतो तो एक साधा शब्द: लेखी. मंत्रिमंडळाचा निर्णय लेखी हातात पडल्याशिवाय राष्ट्रपतींनी सही करायची नाही. त्या रात्री नेमका तोच कागद नव्हता.

घोषणेला महिन्याभरात दोन्ही सभागृहांची मंजुरीही लागते. एकूण सदस्यांचं बहुमत, आणि उपस्थित राहून मत देणाऱ्यांपैकी दोन तृतीयांश. इथे मला थांबावंसं वाटतं, 'उपस्थित' या शब्दापाशी. कारण जुलै १९७५ मध्ये संसदेने आणीबाणी मंजूर केली, तेव्हा राजापूरचे खासदार मधु दंडवते सभागृहात नव्हते. तुरुंगात होते.