डाव्या हाताची शिकवण

श्रोतेहो, नमस्कार.

वास्को येथील आमच्या घरात पेटी होती, वडील भजनाला साथ करीत, आणि त्यामुळे दहाव्या वर्षी त्यांनी मला शेजारच्या वाड्यावरील एका ख्रिस्ती पियानो शिक्षिकेकडे पाठवले तेव्हा अर्धे वादन आपल्याला येतेच, अशी माझी समजूत होती. आज मी त्याच शिक्षिकेविषयी बोलणार आहे. आम्ही सारे विद्यार्थी त्यांना ‘टीचर’ एवढेच म्हणत असू. आपले नाव चारचौघांत घेतलेले त्यांना रुचत नसे, म्हणून येथेही मी तोच शब्द वापरते.

पहिल्या दिवशी टीचरनी माझा उजवा हात मांडीवर ठेवायला सांगितला. पेटी वाजवणाऱ्याचा डावा हात भात्यात गुंतलेला असतो आणि सूर काढायचे ते उजव्याने. पियानोवर मात्र डाव्या हातालाही स्वतःचे बोलणे असते, आणि माझा डावा हात मुका होता. पुढचे दीड-दोन महिने तो एकटाच वाजत राहिला. मी कंटाळले, रडलेही. टीचर रागावल्या नाहीत, पण बधल्याही नाहीत. पुस्तकातल्या सुरांच्या खाली पेन्सिलीने बोटांचे आकडे लिहीत, अंगठ्याला 1 आणि करंगळीला 5, आणि एखादे बोट जागेवर बसेना तेव्हा माझ्या हाताची ठेवण पाहून जुना आकडा खोडून नवा घालीत. सर्वांना एकच आकडे त्यांनी कधी दिले नाहीत.

दुसरी गोष्ट त्यांनी शिकवली ती स्पर्शाची. पेटीची पट्टी हळू दाबा की जोराने, सुराची ताकद मुख्यतः भात्याच्या हवेवर ठरते. पियानोत पट्टी दाबली की आतली नमद्याने मढवलेली हातोडी तारेवर आदळते, आणि बोट किती वेगाने खाली गेले त्यावर सूर नाजूक की भरदार हे ठरते. ‘पियानोफोर्ते’ या इटालियन नावातच मृदू आणि जोरकस असे दोन्ही शब्द आहेत. टीचर कोकणीत म्हणत, ‘हातांनी न्हय बाय, कानांनी वाजय.’ पावसाळ्यात दमट हवेने लाकूड फुगून पट्ट्या अडकत, म्हणून पियानोच्या पोटात त्या एक लहान दिवा जळत ठेवीत. त्या दिवसांत आम्ही अडकलेली पट्टी ओरबाडून उचलू लागलो, तर वाद्यालाही दुखते, असे त्या सांगत.

शिष्यांनी गुरूचे नाव मोठे केल्याच्या गोष्टी आपण ऐकतो. पियानो शिक्षक कार्ल चेर्नी हा संगीतकार बेथोव्हेनचा शिष्य आणि पियानोवादक फ्रान्झ लिस्टचा गुरू. व्हिएन्नात त्याने लहानग्या लिस्टची धावती, बेशिस्त बोटे ताळ्यावर आणली, आणि पुढे युरोपभर गाजलेल्या लिस्टने आपल्या अत्यंत अवघड अभ्यासरचना, 1852 साली त्यांचे अंतिम रूप छापले तेव्हा, चेर्नीलाच अर्पण केल्या. आपल्या गोव्याच्या माजोर्डे गावचे व्हायोलिनवादक अँथनी गोन्साल्विस यांच्याकडे लक्ष्मीकांत-प्यारेलाल या संगीतकार जोडीतले प्यारेलाल शिकले. 1977 सालच्या ‘अमर अकबर अँथनी’ या चित्रपटातील गाण्यात गुरूचे नाव गुंफून त्यांनी ते देशभर घरोघरी पोहोचवले. माझ्या हातून असे काही होण्याजोगे नाही. मी पियानोवादक झाले नाही. आमच्या वर्गातला एक मुलगा बोटीवर इंजिनियर आहे, एका मुलीकडे चर्चमधील गायकवृंद आहे, आणि मी वडिलांच्या मागे भजनाची पेटी धरली.

तरीही टीचरचा सर्वांत मोठा धडा मला पियानोवर मिळाला नाही. वास्कोतल्या, श्रावणातल्या दामोदर सप्ताहात, 24 तासांच्या अखंड भजनात, मी प्रथमच साथीला बसले होते. रात्री उशिरा मागच्या बाजूला, खांबाजवळ, टीचर उभ्या असलेल्या दिसल्या. सत्तरीच्या पुढच्या त्या बाई पावसातून चालत आल्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी कौतुकाच्या अपेक्षेने गेले, तेव्हा त्यांनी माझ्या उजव्या हाताविषयी अवाक्षर काढले नाही. बुवा श्वास घेतात तेथे मी भाता दाबून सूर फुगवते आणि त्यांचा श्वास ऐकू येईनासा होतो, एवढेच त्या म्हणाल्या. मराठी अभंगाचे शब्द त्यांना सगळे कळत नसतील, पण गाणाऱ्याचा श्वास त्यांना नेमका ऐकू आला होता. ज्या हाताला मी केवळ हवेचा चाकर समजत होते, तो हात साथीत सर्वांत जागा असायला हवा, हे मला त्या दिवशी उमगले, आणि पुढे ज्या ज्या बुवांना मी साथ केली त्यांनी ‘तुमची पेटी आम्हाला जागा देते’ असे म्हटले तेव्हा मनात टीचरच उभ्या राहिल्या.

टीचर गेल्या त्याला आता काही वर्षे झाली. माझी भाची हल्ली पियानो शिकते, आणि तिच्याकडे मी माझे ते जुने पुस्तक दिले आहे. परवा तिने मला फोनवर विचारले की दुसऱ्या पानावर डाव्या हाताखाली 4 खोडून 3 का लिहिले आहे. तिचे चौथे बोट तेथे नीट पोहोचते. मी तिला सांगितले, मग ते 3 खोडून टाक आणि 4 लिही, पेन्सिलीनेच लिही.